अमेरिकेहून आंबा कापायचं यंत्र कसं मागवावं : नवशिक्यांसाठी सोपे धडे

घरात विळी आहे, दोन धारदार सुऱ्या आहेत आणि आंबा माचून चोखायचा असतो हे ठामपणे सांगणारी आजी आहे. म्हणजे तुमची पूर्वतयारी झाली. परदेशातून ऑनलाइन वस्तू मागवायची पहिली अट हीच, की त्या वस्तूवाचून तुमचं काहीही अडलेलं नसावं. ज्याचं अडलंय त्याने या फंदात पडू नये. त्याने तुळशीबागेत जावं, घासाघीस करावी आणि संध्याकाळी वस्तू घेऊन घरी यावं. हे धडे त्याच्यासाठी नाहीत.

सरावासाठी आपण आंबा कापायचं यंत्र घेऊ. ही थट्टा नव्हे, अमेरिकेतल्या दुकानांत हे खरोखर मिळतं. दोन बाजूंना दोन मुठी आणि मधे लांबट गोल पातं. आंबा पाटावर उभा धरायचा, वरून यंत्र दाबायचं, की दोन बाजूंना दोन फोडी पडतात आणि कोय मधल्या भोकात उभी राहते. व्हिडिओत हे काम तीन सेकंदांत होतं आणि कापणाऱ्या बाईच्या मनगटावर रसाचा थेंबही येत नाही. किंमत १६ डॉलर. तुमच्या तोंडून आपोआप निघेल, ‘म्हणजे फार नाही.’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१. मुहूर्त

हापूसचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. तेव्हा यंत्र कधी मागवावं? सामान्य माणूस म्हणेल, जानेवारीत. त्यामुळेच तो सामान्य राहिला. यंत्राची आठवण पहिली पेटी घरी आल्यावर, म्हणजे गुढीपाडव्याच्या आसपास व्हायला हवी. संकेतस्थळावर ‘अंदाजे ७ ते ४५ दिवस’ असं लिहिलेलं असतं. त्यातला फक्त ७ वाचा. ‘अक्षय्य तृतीयेला आमरस यंत्रावरचा’ असं घरी जाहीर करून टाका. आमरसाला फोडी लागत नाहीत, आंबा पिळावा लागतो, हे कोणी निदर्शनास आणून दिलं तर ‘तुम्हाला नवीन काही नकोच असतं’ असं म्हणून विषय बदला.

२. कार्ड

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड हातात पडतं ते देशापुरतंच चालणारं. परदेशी व्यवहार आपण स्वतः बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करायचा असतो. तो खटका शोधा. ‘सेवा’, मग ‘कार्ड’, मग ‘व्यवस्थापन’, मग ‘मर्यादा’, आणि मग पुन्हा लॉगिन, कारण एव्हाना तुमचं सत्र संपलेलं असतं.

आता पैसे भरा. इथे नवशिक्यांना एक धक्का बसतो, त्यासाठी मन घट्ट ठेवा. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानातून ऑनलाइन शेंगदाणे मागवले तरी ओटीपी येतो. परदेशी दुकान पुष्कळदा काहीच विचारत नाही. बटण दाबलं, की पैसे गेले. पाच मिनिटं फोनकडे बघत बसू नका, ओटीपी येणार नाही. येईल तो बँकेचा संदेश, आणि त्यातला आकडा तुम्ही मनात धरलेल्या आकड्यापेक्षा मोठा असेल. कारण गूगलचा डॉलर वेगळा, बँकेचा डॉलर वेगळा, वर परकी चलनाचा अधिभार, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. पुढे कस्टम्सचा डॉलर भेटेल, तो तिसराच. तो सरकार ठरवतं.

३. नाव आणि पत्ता

पिनकोड ही आपल्या मातीतल्या माणसाची करामत. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. त्यांनी आखलेली सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झाली. अमेरिकन संकेतस्थळाला मात्र पाचच आकडे हवे असतात. सदाशिव पेठेचा ४११०३० टाकला की लाल अक्षरांत ‘चुकीचा कोड’. निम्मे लोक इथे एक आकडा गाळून पुढे जातात. पहिला ४ गाळला तर ११०३० राहतो, तो न्यूयॉर्क राज्यातला. एखादा १ गाळला तर ४१०३०, तो केंटकीतला. पार्सल कुठे जावं हे तुमच्या आवडीवर आहे. भारत हा देश आधी निवडला तर सहा आकडे चालतात. पण तो रकाना पानाच्या तळाशी ठेवलेला असतो.

पत्त्याच्या ओळीत पस्तीसेक अक्षरं मावतात. त्यात ‘मारुतीच्या देवळामागे, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीसमोर, दुसरा मजला, जिन्याला कुलूप असल्यास खालून हाक मारावी’ कसं बसवायचं? बसवू नका. ‘खालून हाक’ एवढंच ठेवा.

नाव लिहिताना मात्र थट्टा नको. आधार कार्डावर जसं आहे तसंच हवं. आपल्याकडे माणसाला स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन नावं असतात. त्यातली कुठली दोन कुठल्या कागदावर आहेत हे कोणालाच आठवत नाही. वहिनींच्या आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, आणि संकेतस्थळावर त्यांनी लाडाने नुसतं ‘शमू’ लिहिलेलं. पुढे केवायसीच्या वेळी शमू कोण, हे सिद्ध करायची जबाबदारी शमूवर येते.

४. काय मागवू नये

हा धडा छोटा आहे, कारण यादी लांब आहे. ड्रोन नको, २०२२ पासून आयातीवर बंदी आहे. ई-सिगारेट नको, तिच्यावर २०१९ पासून कायद्यानेच बंदी आहे. झाडांच्या बिया नकोत. पाकिटावर टोमॅटोचं चित्र कितीही गोड असलं तरी परवाना आणि वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते कुंडीपेक्षा महाग पडतं. चिनी अ‍ॅपवरून स्वस्तात मागवायचे दिवसही सरले. जून २०२० मध्ये ५९ अ‍ॅपवर बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलीएक्सप्रेसही गेलं. विजेवर चालणारं काही घेणार असाल तर तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. पहिल्यांदा प्लग लावताना पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

५. ‘गिफ्ट’ नावाची युक्ती

हा सल्ला तुम्हाला ऑफिसात, लग्नात, लोकलमध्ये, कोणीही फुकट देईल : ‘अरे, पार्सलवर भेटवस्तू लिहायला सांग. काही लागत नाही.’ सांगणाऱ्याच्या चुलत भावाने तसं केलेलं असतं. कधी, ते विचारू नका.

पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला शुल्क माफ होतं, हे खरं. मग देशभरातल्या अनोळखी लोकांवर परदेशातल्या अनोळखी दुकानांचं इतकं प्रेम जडलं, की कुडते, चपला, मोबाइलची कव्हरं, सगळं भेट म्हणून यायला लागलं. डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने ही वाट बुजवली. टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या मालाला भेट म्हणून सवलत मिळणार नाही. अपवाद दोनच : जीव वाचवणारी औषधं आणि राखी.

राखीच्या पुढे अधिसूचनेत एक खुलासा आहे. तो लिहिणाऱ्याचा मी चाहता आहे. राखी चालेल, पण राखीच्या अनुषंगाने पाठवलेली भेट चालणार नाही. म्हणजे न्यू जर्सीची ताई दादाला दोरा पाठवू शकते, त्याच पाकिटात चॉकलेटं घातली की ती आयात. घराघरांत इतकी वर्षं चाललेला वाद, की बहिणीने नुसती राखी पाठवली तर चालतं का, सरकारने एका ओळीत मिटवून टाकला.

आंबा कापायचं यंत्र मनगटाला बांधता येत नाही, म्हणून ही युक्ती सोडून द्या. ‘किंमत १६च्या जागी २ डॉलर लिहायला सांगू का?’ असंही विचारू नका. त्याला युक्ती म्हणत नाहीत, खोटी घोषणा म्हणतात, आणि त्यावर दंड आहे.

६. ट्रॅकिंग

पैसे भरल्यावर एक क्रमांक येतो. टपालाने येणार असेल तर तो १३ खुणांचा असतो. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पुन्हा दोन अक्षरं, आणि ती पाठवणाऱ्या देशाची. हा क्रमांक पाठ करा. स्वतःचा रक्तगट विसरलात तरी चालेल.

कुरियर असेल तर भूगोलाचा फुकट अभ्यास होतो. अमेरिकेत मेम्फिस आणि लुईव्हिल, युरोपात लाइपझिग, ही जगातल्या बड्या कुरियर कंपन्यांच्या विमानांची माहेरघरं. मध्यरात्री तिथे पार्सलांचे ढीग उतरतात, पट्ट्यांवरून धावतात आणि पहाटे उडतात. सकाळी उठल्या उठल्या बघा. रात्री तुमचं यंत्र केंटकीला होतं, आता जर्मनीत आहे. तुम्ही आयुष्यात न पाहिलेली शहरं ते पाहून येतं. चार दिवसांत ते मुंबईत सहारला उतरतं. आता फक्त पुण्यापर्यंतचे शेवटचे दीडशे किलोमीटर राहिले, म्हणून तुम्ही आनंदाने आंब्याची दुसरी पेटी सांगता.

आणि तिथे ते थांबतं.

पडद्यावर ‘सीमाशुल्क प्रक्रिया सुरू’ असं येतं. याचा अर्थ मुलगी बघून गेलेल्या मंडळींच्या ‘चार दिवसांत कळवतो’ इतकाच घ्यावा. दर दोन तासांनी पान ताजं करू नका. तज्ज्ञ दर वीस मिनिटांनी करतात.

टपालाचं पार्सल असेल तर त्याचा मुक्काम बॅलार्ड इस्टेटला, परदेशी टपाल कार्यालयात पडायचा संभव असतो. तिथे ते उघडून बघतात, आकारणी करतात, पुन्हा बांधतात, आणि शुल्काची रक्कम पोस्टमन तुमच्या दारात वसूल करतो. सुट्टे पैसे जवळ ठेवा. सगळ्या आंतरराष्ट्रीय व्यवहारात तुमच्याशी समोरासमोर बोलणारा हा एकच माणूस. त्याला पाणी विचारा.

७. केवायसी

एके दुपारी कुरियर कंपनीचा मेल येईल. आधार, पॅन किंवा पासपोर्ट पाठवा, २४ तासांत पाठवा, नाहीतर गोदामभाडं लागू होईल. मेल ‘जाहिराती’च्या कप्प्यात जाऊन पडलेला असतो, त्यामुळे तो तुम्हाला तिसऱ्या दिवशी सापडतो. घाबरू नका, आता पुढचा मेल येईल : कागद अस्पष्ट आहे. मग : नाव जुळत नाही. मग : वस्तूचं वर्णन द्या, उपयोग लिहा.

‘उपयोग : आंबा कापणे.’

हे लिहिताना संकोच वाटेल. वाटू द्या. सरकारी कागदावर आपलं आयुष्य असं एका ओळीत बघायची संधी फार जणांना मिळत नाही. उत्तर येईल : ‘वैयक्तिक वापरासाठी की व्यापारी?’ दोन यंत्रं मागवली असतील तर हा प्रश्न जरा टोकदार होतो. तुम्ही मावशीसाठी एक जास्तीचं मागवलंत ना? मग आता मावशी म्हणजे व्यापार नव्हे, हे पटवून द्या.

तक्रार करण्यापूर्वी आपल्या हापूसने काय सोसलंय ते आठवा. भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार २००७ साली पुन्हा उघडलं, तेही विकिरणाच्या अटीवर. किडीच्या भीतीने प्रत्येक पेटीवर लासलगाव किंवा वाशीसारख्या केंद्रात किरणांचा मारा होतो, अमेरिकन निरीक्षकाची सही होते, मग विमान. मे २०२५ मध्ये मुंबईहून गेलेल्या १५ खेपा तिकडच्या अधिकाऱ्यांनी कागदपत्रांत खोट काढून नाकारल्या. परत आणायचा खर्च परवडेना, म्हणून आंबे तिथेच नष्ट केले. आंबा तिकडे जाताना कागदावर अडतो आणि तो कापायचं यंत्र इकडे येताना कागदावर अडतं. दोन्ही देशांत याबाबतीत मतभेद नाहीत.

८. हिशोब

आता वही काढा. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालाचा कस्टम्सच्या दरपत्रकातला कप्पा आहे ९८०४. काही काळापूर्वीपर्यंत त्याचं गणित असं होतं : मूळ शुल्क ३५ टक्के. त्या शुल्कावर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार, म्हणजे साडेतीन. आता वस्तूचे १०० अधिक हे साडेअडतीस, अशा सगळ्यावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ३८.७८. बेरीज ७७.२८. शंभराची वस्तू १७७ रुपये २८ पैशांना. कल्याण कोणाचं झालं ते विचारायचं नाही, अधिभार सामाजिक आहे.

पुढे हा दर खाली आला. २०२५च्या अर्थसंकल्पात मूळ दर ३५ वरून २० झाला आणि २०२६ मध्ये तो १० टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं. दर उतरतात, पण पद्धत शिकून ठेवलेली बरी, म्हणून आपण जुन्या दरानेच उदाहरण सोडवू. डॉलर ९० रुपये धरा.

यंत्र १६ डॉलर, म्हणजे १,४४० रुपये. भारतात पाठवायचं भाडं २४ डॉलर, म्हणजे २,१६०. हो, भाडं वस्तूपेक्षा जास्त. यंत्र हलकं असलं तरी खोका मोठा, आणि कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागतात आणि येईल ते किलो धरतात. म्हणजे खोक्यातल्या हवेचंही वजन होतं.

शुल्क नुसत्या वस्तूवर नसतं. वस्तू, भाडं आणि विमा या तिघांवर असतं. विमा काढला नाही म्हणता? हरकत नाही. काढला असं समजून वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरायची सोय नियमांत आहे. झाले १६ रुपये २० पैसे. भाड्याच्या बाबतीत मात्र कायदा दयाळू आहे. माल विमानाने आला तर भाडं कितीही असो, वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. म्हणून २,१६०च्या जागी २८८. एकूण १,७४४ रुपये २० पैसे. त्यावर ७७.२८ टक्के म्हणजे साधारण १,३४८.

आता बेरीज करा. वस्तू आणि भाडं ३,६००. शुल्क १,३४८. कार्डाचा अधिभार आणि त्यावरचा जीएसटी मिळून सुमारे १४९. झाले ५,०९७. वर कुरियर कंपनीने तुमच्या वतीने शुल्क भरलं म्हणून तिची वेगळी फी असते. म्हणजे शुल्क भरल्याचं शुल्क, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली, त्याच्या काळी मसाल्यावर अधिभार नव्हता.

घरी सांगताना ‘सोळा डॉलर’ एवढंच सांगा. डॉलरमध्ये सांगितलं की किंमत कमी वाटते आणि माणूस जाणकार वाटतो.

९. फोन

पार्सल अडकलेलं असताना एक फोन येईल. ‘कस्टम्समधून बोलतोय. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत.’ लगेच दुसऱ्या ‘साहेबां’कडे जोडून देतील, मग व्हिडिओवर खाकी वर्दी, मागे बोधचिन्ह, ‘कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाशी बोलू नका.’

या धड्यापुरतं नीट ऐका. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनाही ‘मन की बात’मध्ये हे सांगावं लागलं. फोन ठेवा, १९३०वर तक्रार करा. ओळखायची खूण सोपी आहे : खरं कार्यालय तुमच्याशी इतकं तातडीने, इतकं सविस्तर आणि सुट्टीच्या दिवशी बोलणार नाही. तुम्ही गेले दोन आठवडे ज्यांना फोन लावताय आणि ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकताय, ते खरे.

१०. आगमन

तुम्ही आंघोळीला गेलात, की दारात माणूस येतो. हा निसर्गनियम आहे. तो वॉचमनकडे खोका ठेवून जातो आणि पडद्यावर ‘ग्राहकाला सुपूर्द’ असं येतं. सही तुमची असते, म्हणजे एक तिरपी रेघ.

तारीख बघा. मृग लागलाय, पहिला पाऊस होऊन गेलाय आणि पाऊस पडला की आजी आंब्याला हात लावू देत नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. पण खचू नका, कोपऱ्यावरच्या गाडीवर नीलम आणि तोतापुरी अजून आहेत.

यंत्र चालवून बघा. ते अमेरिकेतल्या आंब्याच्या मापाचं आहे. तिकडच्या दुकानांत बहुतेक वेळा टॉमी अ‍ॅटकिन्स नावाचा, लालसर, दणकट, अर्ध्या किलोच्या आसपासचा आंबा मिळतो. आपला हापूस दोन-अडीचशे ग्रॅमचा. त्याच्यावर हे पातं ठेवलं, की दोन्ही बाजूंना सालीसकट पातळ चकत्या पडतात आणि मधे कोयीबरोबर जवळजवळ अख्खा आंबा उभा राहतो. तो मग आजी चोखते.

११. परत पाठवणं

पाठवायचंच असेल तर आधी परतीचं भाडं विचारा, म्हणजे विचार आपोआप बदलेल. भरलेलं शुल्क परत मागता येतं का? येतं. सीमाशुल्क कायद्यात त्यासाठी कलम २६अ आहे. माल सदोष असावा किंवा मागणीबरहुकूम नसावा, आणि तो ३० दिवसांत परत निर्यात करावा, नाहीतर त्यावरचा हक्क सोडून कस्टम्सच्या हवाली करावा, नाहीतर अधिकाऱ्याच्या समक्ष नष्ट करावा. तिसरा मार्ग मला वैयक्तिकरीत्या फार आवडतो. अर्ज, पावत्या, ओळखपत्र आणि हातोडा घेऊन जायचं, साहेबांसमोर यंत्र फोडायचं आणि पंचनाम्यावर सही करायची. एवढ्या सगळ्यात समाधान म्हणून पदरात पडण्यासारखं तेवढंच आहे.

१२. प्रगत अभ्यासक्रम : बॅग

वरचे अकरा धडे करून झाले, की माणूस शेवटी तिथेच येतो जिथे सगळे अनुभवी लोक आधीपासून असतात : आत्याच्या मुलाची बॅग.

पद्धत अशी. वस्तू मागवायची ती आत्याच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या पत्त्यावर. तिथे ती दोन दिवसांत, फुकट येते. मग ती गॅरेजमध्ये इतर अकरा नातेवाइकांच्या वस्तूंशेजारी पडून राहते. डिसेंबरात आत्याचा मुलगा, म्हणजे दादा, यायचा असतो. त्याच्या विमानात २३ किलोच्या दोन बॅगा चालत असतील, तर त्यातली एक तुमची, म्हणजे तुम्हा सगळ्यांची.

बोलणी आत्याशी करावीत, दादाशी नाही. दादा ‘बघतो’ म्हणतो. सुरुवात तब्येतीपासून करा.

‘आत्या, गुडघे कसे आहेत गं?’

‘आहेत तसेच. काय पाठवू?’

आत्याला कळतं. तिने तीस वर्षं हेच केलंय. ‘फार काही नाही, छोटंसं आहे,’ असं म्हणा. वजन ग्रॅममध्ये सांगा. खोका काढून टाकायला सांगा, म्हणजे जागा वाचेल. शिवाय ही खेप एकतर्फी नसते. दादा परत जाताना मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि चकलीचा डबा घेऊन जाणार, आणि तो डबा तुम्ही भरायचा. ही खरी फी. मात्र यावर जीएसटी लागत नाही.

विमानतळावर दादाला विचारतील, बॅगेत काय आहे? येताना शुल्कमुक्त सामानाची मर्यादा २०१६च्या नियमांत ५०,००० रुपये होती, २०२६ मध्ये ती ७५,००० झाली. सोळा डॉलरच्या वस्तूची त्यात काही अडचण नाही. अडचण दादाची होते, कारण एकाच्या बॅगेत सहा वेगवेगळ्या मापांचे बूट, चार जणांची व्हिटॅमिनं आणि एक आंबा कापायचं यंत्र निघतं, आणि यातलं आपलं काय, हे त्यालाही सांगता येत नाही.

शेवटची सूचना. वस्तू कुरियरने येवो, टपालाने येवो की बॅगेतून, तिच्याबरोबर आलेलं वॉरंटीचं कार्ड फेकू नका. वाचून ठेवा. अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ही हमी फक्त अमेरिका आणि कॅनडातल्या ग्राहकांसाठी आहे.